तिसऱ्या खांबाचा नाखवा

मागच्या महिन्यात एका वास्तुशांतीला गेलो होतो. टॉवर इतका उंच की लिफ्टमध्ये माझे कान तीनदा बंद झाले आणि वर पोचेपर्यंत सकाळी केलेली दाढी पुन्हा वाढली. जेवणं झाल्यावर यजमानांनी आम्हा पाहुण्यांना गॅलरीत नेलं. लांबवर कर्नाळ्याचा सुळका, खाली खाडी, खाडीवर पूल. यजमानांनी आवाज खाली आणला.

"तो तिसरा खांब दिसतोय? डावीकडून. त्यात लहान मुलांची मुंडकी आहेत."

बायका "अगं बाई" म्हणाल्या. एकीने लगेच फोटो काढला.

"एक म्हातारा कोळी पोत्यातून आणायचा म्हणे. एकाच डोळ्याचा. केस गुडघ्यापर्यंत. खांब दोनदा कोसळला, मग बळी दिला तेव्हा उभा राहिला. आमच्या एजंटनेच सांगितलं ना!"

मी हातातली जिलबी बशीत परत ठेवली. त्या कोळ्याचे दोन्ही डोळे शाबूत होते. केस अजिबात नव्हते. खांब एकदाही कोसळला नव्हता. हे सगळं मला इतकं नक्की ठाऊक असण्याचं कारण म्हणजे ती गोष्ट मी तयार केलेली आहे.

पनवेलमध्ये फिरणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या माझ्या आहेत, असं मी चारचौघांत सांगत आलोय. निम्म्या जरा जास्त झाल्या. पाव तरी आहेत. पळस्पे फाट्यावर लिफ्ट मागणारी आणि कर्नाळा येताच सीटवर फक्त गजरा ठेवून नाहीशी होणारी बाई माझ्या आधीपासून होती, पण गजरा माझा. कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं पत्र्याचं भेंडोळं दर अमावस्येला आपणहून घरंगळत जुन्या मालकाच्या दारात जातं, ते संपूर्ण माझं. सकाळी नऊला चहाच्या टपरीवर सोडलेली थाप दुपारी चारला मलाच कोणीतरी शपथेवर सांगायचं, नवा दागिना घालून. असं सुख मला पगाराच्या दिवशीही कधी झालं नाही.

या कलेला मला जो सर्वांत उत्तम श्रोता मिळाला तो म्हणजे हिराजी नाखवा. आणि मी त्याचं जे केलं ते लिहायला बसलोय.

पुलाच्या साइटवर मी स्टोअर सांभाळायचो, नाखवा काँक्रीटचे क्यूब. ज्यांनी साइट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांबात काँक्रीट भरताना त्यातलंच थोडं काढून लोखंडी साच्यात भरतात. दुसऱ्या दिवशी साचा खोलला की सहा इंची चौकोनी ठोकळा निघतो. वजन आठ किलोच्या वर. असे ठोकळे पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. काही सात दिवसांनी काढायचे, काही अठ्ठावीस दिवसांनी, आणि मशीनमध्ये दाबून फोडायचे. फुटताना काटा जिथे थांबला तिथवर त्या काँक्रीटची ताकद. खांब फोडून बघता येत नाही म्हणून त्याच्या वतीने ठोकळा फुटतो. नाखवा हे काम तीस वर्षं करत होता.

मूळचा करंज्याचा. घरात बोटी, बाप नाखवा, आजा नाखवा, आणि याला बोट लागायची. थोडीथोडकी नाही. घरातली घागर हेंदकाळली तरी याला मळमळायचं असं मी सांगायचो, आणि तो ते ऐकून खो खो हसायचा. "घागरीनं नाय हो," तो म्हणायचा, "पण होडीच्या चित्रानं एकदा झालेला." हे त्याने सांगितलं म्हणजे खरंच झालं असणार. बापाने चार वर्षं प्रयत्न केला, शेवटी कपाळावर हात मारला आणि पोराला जमिनीवर सोडून दिलं. साइटवर सगळे त्याला नाखवाच म्हणायचे, पहिल्यांदा चिडवायला आणि मग सवयीने.

ठेंगणा, घट्ट, पायांत वर्षाचे बारा महिने गमबूट. खिशात दोन पेनं, एक चाललं नाही तर दुसरं. 'अंदाजे' हा शब्द त्याने कधी उच्चारलेला मी ऐकला नाही. "नाखवा, जेवलात का?" विचारलं तर "अडीच भाकरी, एक बोंबील" असं उत्तर यायचं. "बरं आहे ना?" म्हटलं तर थोडा वेळ थांबून, अंगाची चौकशी करून, "डावा गुडघा सोडून" म्हणायचा.

असा माणूस थापा ऐकणार कसा, असं तुम्हाला वाटेल. पण तो पाटावर बसलेल्या मुलासारखा ऐकायचा. खोटं बोलणं ही गोष्ट माणसं करतात हे त्याला माहीत होतं, पण त्याच्यासमोर बसून, त्याचाच चहा पीत कोणी करेल असं त्याच्या मनात येत नसे. आणि मधे मधे असे प्रश्न विचारायचा की मला घाम फुटायचा.

"बाईच्या पायात चप्पल होती का?"

"कुठल्या बाईच्या?"

"ती गजरेवाली."

"होती… नव्हती. अनवाणी."

"मग फाट्यावरच्या डांबरावर चालली कशी? दुपारी पाय भाजतात तिथं."

एकदा मी त्याला सांगितलं की गावातल्या तळ्याच्या तळाशी एक पोर्तुगीजांची घंटा आहे, आणि अमावस्येला भर दुपारी बाराच्या ठोक्याला ती पाण्यात वाजते. पुढच्या अमावस्येनंतर तो स्टोअरच्या खिडकीशी आला. चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी.

"भाऊ, वाजली नाय."

"काय?"

"घंटा. पावणेबारापासून होतो. बारा वाजून दहा मिनिटं होईस्तोवर थांबलो. कान पाण्याला लावून बघितला. एक बाई कपडे धूत होती, तिला थांबवलं पाच मिनिटं. नाय वाजली."

मी म्हटलं, "गाळ साचला असेल."

"हां," तो म्हणाला. "ते असू शकतं." आणि वहीत लिहून घेतलं.

मी ही गंमत साइटभर सांगत फिरलो. सगळे पोट धरून हसले. तो अर्धा दिवस बिनपगारी सुट्टी टाकून तळ्यावर गेला होता, हे मला नंतर हजेरीपटात दिसलं. तरीही मी हसलोच.

तिसऱ्या खांबाचं आता सांगतो. त्याचा खालचा टप्पा भरला, अठ्ठावीस दिवस झाले, ठोकळे फोडले, आणि काटा पाहिजे त्याच्या जरासा अलीकडे थांबला. तीनही वेळा. साइटचे मोठे साहेब स्वतः लॅबमध्ये आले. माणूस वाईट नव्हता, वरून ओरडा खाऊन आला होता.

"नाखवा, दोन रेघांचा प्रश्न आहे. पेन जरा पुढे सरकवा."

"साहेब, काटा इथं थांबला. पुढं गेला असता तर मी पुढचा लिवला असता."

"अहो, एवढ्याने पूल पडत नाही."

"नाय पडणार कदाचित. पण मी पुलाचं कुठं लिवतोय? मी काट्याचं लिवतोय."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं, आढ्याकडे बघितलं, मग सही केली. तिसरा खांब फोडायला घेतला. दीड महिना खाडीवर धडधड चालू होती. सगळ्या पनवेलला दिसत होतं की दोन खांब झाले, चौथा झाला, पण तिसरा उभा करून पाडतायत. रिक्षात, दुकानात, शाळेच्या फाटकावर एकच प्रश्न. का?

खरं उत्तर फार साधं होतं. एका माणसाने काटा होता तिथेच लिहिला.

नाखवा राहायचा साइटच्या मागच्या वस्तीत, भाड्याच्या एका खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन रेवदंड्याला. वस्तीत बहुतेक कातकरी कुटुंबं, वीटभट्टीवर नाहीतर आमच्याच साइटवर रोजाने जाणारी. नाखवा महिन्यातून एकदा करंज्याला जाऊन सुके बोंबील, जवळा, सोडे आणायचा. संध्याकाळी ओट्यावर निखाऱ्यांवर बोंबील भाजायला घेतले की वस्तीतली झाडून सगळी पोरं त्याच्याभोवती. वास असा की मेलेला उठून बसेल. माझ्या एका गोष्टीत बसलाही आहे. पोरांना तो जाळं विणायच्या गाठी शिकवायचा. जाळं कोणाला लागत नव्हतं, पण गाठ सुटली नाही की पोरं नाचायची.

शेजारच्या खोलीतली फुलाबाई आमच्या साइटवर घमेली उचलायची. तिची चार वर्षांची मुलगी दिवसभर वस्तीत एकटी. नाखवा दुपारी जेवायला खोलीवर गेला की तिला आपल्या ताटात बसवायचा. फुलाबाई साइटवर सगळ्यांना ऐकवायची, "माझी पोर माझ्या हातचं खात नाय. नाखवा चावून देतो काय तिला, कुणास ठाऊक!" नाखवा लाजून गमबुटाकडे बघायचा.

नवा तिसरा खांब भरल्याला चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी टपरीवर गर्दी होती. समोरच्या नव्या सोसायटीतले एक गृहस्थ, पानवाला, आणखी दोघं. गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही साइटवर आहात ना? तो खांब का पाडला हो?"

मला उत्तर माहीत होतं. तीन वाक्यांत संपलं असतं. पण सगळ्यांचे चहाचे पेले तोंडाशी थांबले होते, आणि अशा वेळी माझ्या अंगात काय संचारतं ते माझ्या बायकोला विचारा.

"धरत नव्हता," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"खाडी आहे ही. खाडीला काहीतरी द्यावं लागतं. जुनी माणसं सांगतात, आपण कशाला बोला."

नेमका तेव्हाच नाखवा सायकलवरून गेला. गावातल्या मोठ्या लॅबकडे एका गर्डरचे, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईचे, ठोकळे न्यायचे होते. ठोकळे वाटेत सुकू नयेत म्हणून तो ओल्या गोणपाटात बांधायचा. त्या दिवशीचं गोणपाट मीच स्टोअरमधून दिलेलं. त्यात आधी फरशीचा लाल रंग होता. कॅरियरवर तीन गोल-चौकोनी फुगवटे आणि रस्त्यावर लाल पाण्याचे थेंब.

मी काही बोललो नाही. फक्त त्याच्याकडे बघून भुवई उडवली आणि चहा संपवला.

दुपारी चारला गोष्ट परत आली. आता कळंबोलीची तीन मुलं बेपत्ता होती. दुसऱ्या दिवशी फोनवर आली, लाल अक्षरांत. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर फोटो होता: सायकल, गोणपाट, पाठमोरं टक्कल. खाली लिहिलं होतं, हा इसम दिसल्यास सावध राहा, सर्वांना पाठवा. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला छाती फुगल्यासारखं झालं. माझी एवढी मोठी झालेली गोष्ट मी पूर्वी पाहिली नव्हती. मी ती बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे तुमचे नाखवा वाटतात पाठीमागून." मी म्हटलं, "छे!"

ती थाप आहे हे सांगायला तेव्हा जावं की नाही? टपरी पन्नास पावलांवर होती. मी उद्या-उद्या करत राहिलो. मधल्या काळात साइटवर कोणी विषय काढला की मी म्हणायचो, लोकांना काय उद्योग नाहीत. नाखव्याकडे साधा फोन, त्याला काही कळलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की संध्याकाळी ओट्यावर पोरं कमी येतायत. "परीक्षा असतील," तो मला म्हणाला. बिचाऱ्या त्या पोरांपैकी दोघंच शाळेत जात होती.

तीन आठवडे असे गेले. मग नव्या तिसऱ्या खांबाचे अठ्ठावीस दिवस भरले. हे ठोकळे गावातल्या लॅबमध्येच फोडायचे, असं वरून लिहून आलं होतं. दुपारी अडीचला नाखवा सायकल घेऊन निघाला. नेमकी शाळेच्या व्हॅनमधून मुलं उतरायची वेळ. सोसायटीच्या फाटकावर त्याला अडवलं.

मी टपरीवरून उठून गेलो तोवर पन्नास-साठ माणसं झाली होती. सायकल आडवी. एकाने गोणपाट फाडलं, ठोकळे रस्त्यावर पडले. बघितल्यावर संपलं असं मला वाटलं. सुटकेचा निःश्वासही सोडला मी. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "आत घालून वरून सिमेंट ओतलंय! फोडा!"

कुठून तरी घण आला. नाखव्याच्या भुवईवर खोक पडली होती, डोळ्यात रक्त जात होतं, पण तो स्वतःला वाचवतच नव्हता. ठोकळ्यांवर ओणवा पडला होता.

"असे नका फोडू! मशीनवर फोडायचेत! आज अठ्ठाविसावा दिवस हाय! माझ्यासंगं चला, सगळे चला, तुमच्यासमोर फोडतो, पण काट्याखाली फोडा!"

त्याला बाजूला ओढलं. त्याने गर्दीत मला पाहिलं.

"भाऊ! सांगा यांना, काय हाय ते!"

एका तरण्या मुलाने फोन माझ्याकडे वळवला. "काका, तुम्ही ओळखता याला?"

घण त्याच्या शेजारच्याच्या हातात होता. मी म्हटलं, "दोन-चारदा पाहिलंय."

मग त्यांनी ठोकळे फोडले. तीनही. आत खडी, वाळू, सिमेंट. शेवटचा फुटेना, चार घाव लागले, आणि नाखवा रस्त्यावर बसून तेवढ्यातही मोजत होता, चार. पोलिसांची गाडी आली तशी गर्दी पांगली. जाता जाता एक बाई दुसरीला म्हणाली, "आज नव्हतं काही. त्याला कळलं असणार."

खांबाची ताकद मग दुसऱ्या रीतीने तपासली, खांबातूनच गोल तुकडे कापून. उत्तम निघाली. या पुलाचा तिसरा खांब सर्वांत मजबूत आहे, हे मी आता कोणालाही सांगायला तयार आहे. कोणी विचारत नाही. नाखव्याने रजिस्टरमध्ये त्या तीन ठोकळ्यांसमोर काय लिहिलं ते मी पाहिलं. 'निकाल नाही.'

चार दिवसांनी तो स्टोअरला आला. भुवईवर पट्टी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "त्या दिवशीचं मनात ठेवू नका. तुमी घाबरलात. माणूस घाबरतो." मग वही काढली.

तो त्या अफवेच्या मागे उलटा चालत निघाला होता. फाटकावरच्या वॉचमनला कोणी सांगितलं? व्हॅनवाल्याने. व्हॅनवाल्याला? पानवाल्याने. प्रत्येकाचं नाव, वार, वेळ. वही टपरीपाशी येऊन थांबली होती.

"पानवाला म्हणतो, टपरीवर कोणतरी बोलत होता, नीट आठवत नाय. पण तुमी होता म्हणतो. तुमाला गोष्टींतलं कळतं, भाऊ. कोण होता तो?"

त्याला मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच्या खोलीच्या मालकाने बजावलं होतं की वस्तीतल्यांचं म्हणणं मिटलं नाही तर महिनाअखेर खोली सोड. फुलाबाई त्याला दारात येऊन म्हणाली होती, "नाखवा, मला माहीत हाय तू तसा नाय. पण माझी पोर एकटी असते रे." आणि मुलगी आईच्या लुगड्यामागे लपली होती. हे सगळं तो मला सांगत होता, आणि मी म्हटलं:

"ट्रकवाला होता एक. कळंबोलीला माल घेऊन येतो."

"दिसायला?"

"उंच. मिशा. आणि सोन्याचा दात."

"डावीकडं का उजवीकडं?"

"…डावीकडे. वरचा."

त्याने लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी मी बांधायची तार बघायला कळंबोलीला गेलो. लोखंड बाजारात दुपारची वेळ, ट्रकच ट्रक, मुंगीला वाट नाही. तिथे गमबूट दिसले. नाखवा एका ट्रकच्या केबिनशी उभा होता आणि आतल्या ड्रायव्हरला हात जोडून तोंड उघडायला सांगत होता. ड्रायव्हर हसत होता. हसताना दात दिसले, नाखव्याने मान हलवली, आभार मानले आणि पुढच्या ट्रककडे वळला. तेव्हा त्याने मला पाहिलं.

"बरं झालं आलात! तुमी ओळखाल त्याला. चार सुट्ट्या झाल्या माझ्या. चला."

आणि मी गेलो त्याच्याबरोबर. मी जन्माला घातलेल्या माणसाचा दात शोधत, ट्रकमागून ट्रक, दीड तास. कोणी शिव्या दिल्या, एकाने चहा पाजला. आणि मग खरोखरच, ही थाप नाही, एका ट्रकच्या पायरीवर बसून कांदा सोलणारा उंच, मिशाळ ड्रायव्हर आमच्याकडे बघून हसला आणि डावीकडे वर सोनं चमकलं.

नाखवा माझ्याकडे वळला. "हाच का, भाऊ?"

"क्या हुआ, चाचा?" ड्रायव्हर म्हणाला.

मी 'नाही' म्हटलं असतं तर तो आणखी वर्षभर फिरला असता. 'हो' म्हटलं असतं तर… तेही माझ्या जिभेवर आलं होतं, लपवत नाही.

"नाखवा," मी म्हटलं, "असा माणूसच नाही. ते मी बोललो होतो."

तो आधी ड्रायव्हरकडे वळला. "माफ करा हां भाईसाब, तकलीफ दिया." मग तिथल्याच एका पत्र्यांच्या थप्पीवर बसला.

"पोत्याचं पण?"

"हो."

"मुंडक्यांचं?"

"हो."

वर मी लिहिलंय की मी फक्त भुवई उडवली. मी स्पष्ट म्हणालो होतो, "ते बघा, चाललाय मुंडकी घेऊन." सगळे हसले होते, म्हणून मी पुढे म्हटलं होतं, "हसू नका, लहान मुलांचीच चालतात."

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मग एवढं करा. रविवारी दहाला वस्तीत या. आता सांगितलंत तसंच सगळ्यांना सांगा. जास्त नको, कमी नको. माझं मी सांगून झालंय, माझं कोण ऐकत नाय. तुमी बोललात, तुमीच सांगितलं तर ऐकतील." आणि उठताना म्हणाला, "ती फुलाबाईची पोर मला बघून पळते हो."

मी बायकोची शपथ घेऊन हो म्हटलं.

महिनाअखेर त्याने खोली सोडली, ते मला साइटवर कळलं. करंज्याला भावाकडे गेला. तिथे बंदरात मासळीच्या लिलावाला वजनकाट्यावर बसतो, असं कोणी म्हणालं. खरं असेल. मी गेलो नाही बघायला. मला तो शेवटचा दिसला तो त्या रविवारी.

मी निघालो होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. काय बोलायचं ते आदल्या दिवशी पाठ केलं होतं, चार वाक्यं. पण रिक्षात बसून मनात म्हणून बघितली तर त्यात आपोआप आणखी एक माणूस शिरला, ज्याने मला ते आधी सांगितलं होतं. मी त्याला काढला. वस्तीच्या वळणावर उतरलो तर तो परत आला होता, आता त्याला गावही होतं.

वळणावर एक पाण्याची टाकी आहे, तिच्या आड उभा राहिलो. खाली ओट्यासमोर ताडपत्री अंथरली होती. वस्ती जमली होती, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, पोरं मांड्यांवर घट्ट धरलेली. फुलाबाई पुढे बसली होती. नाखव्याने पांढरा शर्ट घातला होता आणि गमबूट नव्हते; पायांत नव्या चपला, त्यामुळे तो कोणा दुसऱ्यासारखा दिसत होता. कुठूनतरी एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली होती, निळी. ती सगळ्यांच्या समोर एकटी होती.

सव्वादहा झाले. साडेदहा. एक म्हातारा उठला आणि धोतर झाडून गेला. मग दोन बायका. नाखवा प्रत्येकाला काहीतरी म्हणत होता, हाताने रस्ता दाखवत होता. फुलाबाई अजून बसलेली होती, पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. कोणीतरी काहीतरी बोललं, दोघं-तिघं हसले. नाखवा हसला नाही. तो वळणाकडे बघत होता, थेट टाकीकडे, पण एवढ्या लांबून त्याला मी दिसणं शक्य नव्हतं.

ऊन ओट्यावरून खाली सरकत आलं आणि खुर्चीपर्यंत पोचलं. नाखव्याने सीटवर हात ठेवून बघितला, खुर्ची उचलली आणि माझ्यासाठी सावलीत नेऊन ठेवली.